लिथ प्रिंटसाठी कागद: डब्यावरचं नाव सोडा, इमल्शन पारखा

लिथ प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये खास पातळ डेव्हलपर वापरून काढलेला कृष्णधवल फोटो, फसला की पहिला संशय डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणावर, जातो. फार पातळ झाला असेल, जुना झाला असेल, तापमान चुकलं असेल. पुष्कळदा दोष तिथे नसतोच. ज्या कागदाच्या इमल्शनला, म्हणजे त्यावरच्या चांदीच्या क्षाराच्या दाण्यांच्या प्रकाशसंवेदी थराला, लिथ जमतच नाही, त्याच्याकडून कुठलाही महागडा डेव्हलपर ते करवून घेऊ शकत नाही. उलट ज्याला जमतं, तो कागद कामचलाऊ डेव्हलपरमध्येही रंग दाखवतो. म्हणून पैसे आणि वेळ खर्च करायचा तर आधी कागदावर करावा.

लिथमध्ये घडतं काय, ते आधी थोडक्यात पाहू. ते कळलं की कागद निवडताना काय बघायचं हे आपोआप उलगडतं.

छापखान्यात काम केलेल्यांना 'लिथ फिल्म' हा शब्द नवा नाही. ऑफसेटच्या प्लेट संगणकावरून थेट निघू लागण्याआधी प्रोसेस कॅमेऱ्यावर ती वापरत. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा, म्हणजे हाफटोनचा, असतो. त्यातला ठिपका एक तर पूर्ण काळा हवा, नाही तर पूर्ण कोरा. मधला राखाडी नको. त्यासाठी बनवलेला डेव्हलपर म्हणजे लिथ डेव्हलपर. तोच भरपूर पाण्यात पातळ करून नेहमीच्या कृष्णधवल कागदावर वापरायचा आणि कागदाला गरजेच्या कितीतरी पट जास्त एक्स्पोजर, म्हणजे एनलार्जर या निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखालचा प्रकाश, द्यायचं. यातून येतो तो लिथ प्रिंट. उजळ भागांत मऊ बदामी, गुलाबी किंवा विटकरी छटा, आणि सावल्यांत एकदम कडक, दाणेदार काळा.

साध्या पेपर डेव्हलपरमध्ये दोन डेव्हलपिंग द्रव्यं असतात आणि सोबत सोडियम सल्फाइट भरपूर असतं. लिथमध्ये हायड्रोक्विनोन एकटं असतं आणि मोकळं सल्फाइट नावापुरतं. हायड्रोक्विनोनने चांदीच्या क्षाराचं चांदीत रूपांतर केलं की त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं. सल्फाइट भरपूर असतं तर त्याने ही ऑक्सिडाइज झालेली द्रव्यं तिथल्या तिथे निकामी केली असती. इथे ती शिल्लक राहतात आणि शेजारच्या दाण्यांचं डेव्हलपिंग आणखी वेगाने सुरू करतात. म्हणजे जिथे काळं व्हायला लागलं, तिथे ते झपाट्याने आणखी काळं होत जातं. याला संसर्गी डेव्हलपिंग म्हणतात. सुरुवातीची पाच-सात मिनिटं जवळजवळ काही होत नाही आणि मग शेवटच्या मिनिटभरात सावल्या उसळून वर येतात. हव्या त्या काळेपणाला प्रिंट उचलून स्टॉप बाथमध्ये, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणात, टाकायचा. त्या क्षणाला उजळ भागांतली चांदी अजून अर्धवट, अतिशय बारीक कणांच्या रूपात असते, आणि बारीक कणांची चांदी उबदार रंगाची दिसते. सावल्यांतली चांदी मात्र पूर्ण वाढलेली, काळी असते. एकाच कागदावर दोन रंग दिसतात ते यामुळे.

यातून लिथचा मूळ नियम निघतो: उजळ भाग एक्स्पोजर ठरवतं, सावल्या प्रिंट कधी उचलला त्यावर ठरतात. एक्स्पोजर वाढवलं की प्रिंट मऊ आणि रंगीत होतो. कमी केलं की कडक आणि रुक्ष.

कागदात काय हवं आणि काय नको

नको ते आधी. पुष्कळशा आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदांच्या इमल्शनमध्येच डेव्हलपिंग द्रव्य घातलेलं असतं. मशीनमध्ये कागद झटपट निघावा हा त्यामागचा हेतू. असा कागद अल्कलीत बुडाला की आतलं द्रव्य सगळीकडे एकदम कामाला लागतं. सावलीही उठते आणि उजळ भागही उठतो, दोन्ही बरोबरीने. संसर्ग पसरायला जो वेळ आणि जी असमानता लागते, ती मिळतच नाही. हाती येतो मळकट राखाडी, रंगहीन प्रिंट. इथे डेव्हलपर पातळ करणं, गरम करणं, त्यात पोटॅशियम ब्रोमाइड घालणं यातलं काहीही उपयोगी पडत नाही.

हवं ते म्हणजे क्लोरोब्रोमाइड इमल्शन. कागदातला चांदीचा क्षार मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइड असेल तर दाणे तुलनेने मोठे, संवेदनशीलता जास्त आणि नेहमीच्या डेव्हलपरमध्ये रंग थंड. त्यात सिल्व्हर क्लोराइडचं प्रमाण वाढवलं की दाणे बारीक होतात, कागद मंद होतो आणि रंग उबदार होतो. लिथमध्ये हे बारीक दाणेच रंग देतात. म्हणून डब्यावर 'वॉर्मटोन' असं लिहिलेला फायबर कागद, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेला, हा पहिला उमेदवार. तरी ही खूण पुरेशी नाही. काही वॉर्मटोन कागद लिथमध्ये अगदीच थंड वागतात, आणि काही साधे ब्रोमाइड कागद अनपेक्षितपणे चांगले निघतात, फक्त त्यांचा रंग शेवाळी किंवा राखाडी-तपकिरीकडे झुकतो आणि दाणा खरखरीत येतो.

जुन्या पुस्तकांत आणि जुन्या मंडळींच्या बोलण्यात कॅडमियमचा उल्लेख हमखास येतो. पूर्वी उबदार रंगाच्या कागदांत कॅडमियमचे क्षार असत आणि ते लिथला फार मानवत. विषारी असल्याने उत्पादकांनी ते काढून टाकले. त्यामुळे एकाच नावाचा जुना डबा आणि नवा डबा हे लिथच्या दृष्टीने दोन वेगळे कागद असू शकतात.

फायबर की आरसी, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. तो खरं तर दुय्यम आहे. आरसी कागदात डेव्हलपर घातलेला नसेल तर तोही लिथ होतो, चार मिनिटांत धुऊन निघतो आणि शिकायला सोयीचा पडतो. फायबरमध्ये पर्याय जास्त, रंगाची खोली जास्त, पण धुण्याला तासभर आणि वाळताना गुंडाळणं आलंच. ग्रेडचंही, म्हणजे कागदाच्या ठरलेल्या कॉन्ट्रास्टच्या क्रमांकाचंही, तसंच. लिथमध्ये कॉन्ट्रास्ट एक्स्पोजर आणि उचलण्याची वेळ यांवर ठरतो, त्यामुळे ग्रेड दोन घ्यावा की तीन यावर डोकं शिणवू नये. मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा, कागद असेल तर फिल्टर काढूनच ठेवा. एरवीच एक्स्पोजर लांबलेलं असतं, त्यात फिल्टरची भर कशाला?

अनोळखी कागदाची परीक्षा

कागद कुठलाही असो, नवा, कुणी दिलेला, बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला. तीन चाचण्या क्रमाने कराव्यात. पहिली उजेडातच होते आणि तिला दोन मिनिटं लागतात.

डेव्हलपर आत आहे का, हे पाहण्यासाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, दहा ग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा. खाण्याचा सोडा नव्हे, तो पुरेसा तीव्र नसतो. अंधारात कापून घेतलेला कागदाचा एक तुकडा खोलीच्या उजेडात आणा, इमल्शनच्या बाजूवर सोड्याच्या पाण्याचा एक थेंब आणि दोन बोटं सोडून साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा. सोड्याखालचा डाग मिनिटा-दोन मिनिटांत गडद राखाडी किंवा काळा झाला आणि पाण्याखालचा तसाच राहिला, तर कागदात डेव्हलपर आहे. उजेडात सगळा कागदच हळूहळू जांभळट होत जातो. त्याला भुलू नका, दोन थेंबांतला फरक बघा. डाग काळा पडला तर तो कागद थेट लिथसाठी बाद. टाकून मात्र देऊ नका, त्याची सोय शेवटी सांगितली आहे.

दुसरी चाचणी धुक्याची, म्हणजे फॉगची: प्रकाश न लागताही जुन्या कागदावर येणारी राखाडी झाक. पूर्ण अंधारात पट्टी कापा. तिचा अर्धा भाग थेट फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, बुडवा, दुसरा अर्धा साध्या पेपर डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं ठेवून मग फिक्स करा. उजेडात दोन्ही अर्धे शेजारी धरा. डेव्हलप केलेला भाग किंचित राखाडी असेल तर चालतं, कारण लिथ प्रिंट आपण पूर्ण डेव्हलप होण्याआधीच उचलतो आणि तोवर फॉग पुरता वर आलेला नसतो. ढळढळीत राखाडी असेल तर उजळ भाग कधीच स्वच्छ येणार नाहीत.

तिसरी चाचणी खरी. मध्यम कॉन्ट्रास्टचा, सावल्या आणि उजळ भाग दोन्ही असलेला निगेटिव्ह एनलार्जरमध्ये लावा. साध्या डेव्हलपरमध्ये चांगला प्रिंट किती सेकंदांत येतो ते काढा. समजा १० सेकंद आले. आता एका पट्टीवर पाच टप्पे द्या: १०, २०, ४०, ८० आणि १६० सेकंद. प्रत्येक टप्प्यात सावली आणि उजळ भाग दोन्ही येतील अशी पट्टी धरा.

लिथ डेव्हलपर दोन बाटल्यांत येतो, सहसा 'ए' आणि 'बी'. एकीत हायड्रोक्विनोन, दुसरीत अल्कली. चाचणीसाठी दोन्ही २५-२५ मिली घेऊन पाणी घालून एक लिटर करा. दोन भाग एकत्र आले की घड्याळ सुरू झालं असं समजा. असा पातळ डेव्हलपर उघड्या ट्रेमध्ये काही तासांत दम सोडतो. द्रव भरपूर घ्या. आठ बाय दहा इंचाच्या ट्रेला लिटरभर तरी हवंच, कारण मुळात त्यात औषध कमी आहे आणि एक मोठा काळा प्रिंट त्यातलं बरंच खाऊन टाकतो. तापमान २५ ते ३० अंश चालतं. इथे आपल्याकडचा उन्हाळा कामी येतो. साध्या प्रिंटसाठी २० अंशांवर पाणी आणायला बर्फ लागतो, तर लिथला मे महिन्यातलं नळाचं पाणी जवळजवळ तसंच वापरता येतं. दिवा मात्र लालच हवा, आणि मंद. पिवळा किंवा नारिंगी सेफलाइट दोन मिनिटांच्या डेव्हलपिंगला चालून जातो. इथे कागद पंधरा-वीस मिनिटं उघडा असतो. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून त्या दिव्याखाली वीस मिनिटं सोडा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा दूर न्या किंवा बदला.

आता पट्टी ट्रेमध्ये सोडा आणि सतत, सारख्या लयीत ट्रे हलवत राहा. चांगला लिथ होणारा कागद साधारण असा वागतो. पहिली तीन-चार मिनिटं तो कोरा दिसतो आणि माणसाला वाटतं की बाटल्या चुकल्या. मग सगळ्यात जास्त एक्स्पोजरच्या टोकाला फिकट आकृती उमटते, लाल दिव्यात ती दिसते न दिसते. ती सावकाश भरत जाते, पण मऊ, कॉन्ट्रास्ट नसलेली. सातव्या-आठव्या मिनिटाच्या आसपास सर्वांत खोल सावलीत काळे ठिपके दिसू लागतात. इथून नजर हटवायची नाही. ठिपके जुळून डाग होतात, डाग पसरतात, आणि अर्ध्या मिनिटात सावलीचा काळेपणा दुप्पट होतो. चिमट्याने उचलून निथळायला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका, थेट स्टॉप बाथमध्ये. लाल दिव्यात प्रिंट खऱ्यापेक्षा गडद भासतो, म्हणून शेवटची पारख सावल्यांच्या पोतावर करा. मंद लाल टॉर्च जवळ धरला तर सावलीतला तपशील बुजतोय का ते नेमकं कळतं.

वीस मिनिटं झाली तरी ठिपक्यांचा तो टप्पा आला नाही आणि पट्टी नुसतीच एकसारखी राखाडी होत गेली, तर कागद लिथ होत नाही. एकदाच आणखी प्रयत्न करायचा तर डेव्हलपर दुप्पट तीव्र आणि ३५ अंशांवर. तरी नाही झाला तर नाद सोडा.

निकाल ओल्या प्रिंटवर लावू नका. फिक्सरमध्ये गेल्यावर उजळ भाग उडाल्यासारखे फिके होतात आणि रंग पिवळटाकडे सरकतो. वाळल्यावर तोच प्रिंट पुन्हा गडद होतो आणि रंग बराच बदलतो. एक्स्पोजरचा योग्य टप्पा सहसा चारपट ते आठपटीच्या दरम्यान सापडतो. आपल्या उदाहरणात ४० ते ८० सेकंद. कागदाला सोळापट लागत असेल तर तोही वापरता येतो, फक्त एनलार्जरपाशी उभं राहायची तयारी हवी.

आज काय मिळतं

बाजार पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. २००५ साली कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. हंगेरीतली फोर्ते २००७ मध्ये बंद पडली, क्रोएशियातल्या फोटोकेमिकाने २०१२ मध्ये उत्पादन थांबवलं. लिथवाल्यांचे लाडके कागद यांतल्याच कारखान्यांतून येत. आग्फाचा रेकॉर्ड रॅपिड, फोर्तेचा पॉलीवॉर्मटोन. त्यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या केंटमिअरचा केंटोनाही इतिहासजमा झाला.

आज लिथसाठी सर्वांत जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे फोमा. चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवे शहरातली ही कंपनी १९२१ पासून चालू आहे. तिचा फोमाटोन हा क्लोरोब्रोमाइड, वॉर्मटोन कागद लिथमध्ये लवकर जागा होतो आणि मोकळ्या हाताने रंग देतो: गुलाबी, जर्दाळू, विटकरी, बदामी. पातळ डेव्हलपर आणि जास्त एक्स्पोजर दिलं की रंग भडक, तीव्र डेव्हलपर आणि कमी एक्स्पोजर दिलं की तपकिरी-काळा. तो साध्या कागदापेक्षा बराच मंद आहे हे आधीच लक्षात ठेवा. दाट निगेटिव्ह आणि मोठा आकार असेल तर एक्स्पोजर मिनिटांत मोजावं लागतं. फोमाचाच फोमाब्रोम हा ब्रोमाइडकडे झुकणारा कागद वेगवान आहे, रंग कमी देतो, पण त्याचा दाणेदारपणा जुन्या इमारती, दगड, झाडांच्या साली अशा विषयांना शोभतो. लिथ म्हटलं की लोक रंगामागे धावतात. आमच्या मते अर्ध्या निगेटिव्हना रंगापेक्षा हा खरखरीत काळाच जास्त मानवतो.

इल्फर्डचे कागद इंग्लंडमधल्या मोबर्लीला बनतात, दर्जा एकसारखा असतो आणि भारतात ते तुलनेने सहज मिळतात. मात्र लिथच्या दृष्टीने ही निवड नाखुशीची. मल्टिग्रेडचा आरसी कागद लिथसाठी घेऊ नये. फायबर क्लासिककडूनही रंगाची आशा धरू नये. फायबर वॉर्मटोन मात्र गरम आणि थोड्या तीव्र डेव्हलपरमध्ये मंद, संयत तपकिरी देतो. फोमाटोनसारखी उधळण नाही, पण ज्यांना व्यक्तिचित्रात त्वचा नारिंगी नको असते त्यांना तो बरा वाटतो. दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे ब्लीच करून केलेल्या लिथला तर तो उत्तम आहे. त्याचं पुढे येईल.

जुन्या साठ्याबद्दल. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद आपल्याकडे एके काळी स्टुडिओ-स्टुडिओत होता आणि अजूनही कुठे कपाटाच्या तळाशी डबे निघतात. असे डबे मिळाले तर भावनेच्या भरात सगळे घेऊ नका. एक उघडा, वरच्या तीन चाचण्या करा. डब्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा कागद तपासू नका. फॉग कडेने आणि वरून आत शिरतो, त्यामुळे मधला कागद काढून पाहिला तरच साठ्याची खरी स्थिती कळते. कडा काळवंडलेल्या आणि मध्य स्वच्छ असेल तर मोठा कागद घेऊन कडा कापून टाकता येतात. थोड्या फॉगवर पोटॅशियम ब्रोमाइडचं दहा टक्के द्रावण डेव्हलपरच्या लिटरला १० मिलीपासून घालून बघावं. वेळ वाढतो, उजळ भाग स्वच्छ होतात, रंगही बदलतो. दमट हवेत राहिलेल्या डब्यात बुरशीचे ठिपके असतील तर त्यावर उपाय नाही.

मिरी पडणे

लिथ करणाऱ्या प्रत्येकाला हा दोष भेटतो: उजळ आकाशात, गालावर, कागदाच्या कोऱ्या कडेवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. तो धूळ किंवा निगेटिव्हवरचा ओरखडा नसतो. धुळीचा डाग प्रिंटवर पांढरा येतो, हा काळा असतो. सल्फाइट फारच कमी पडलं की एखादा दाणा एक्स्पोजर नसतानाही पेटतो आणि शेजाऱ्यांना पेटवतो. संसर्गी डेव्हलपिंगचाच हा आगाऊपणा. म्हणून जे कागद लिथला फार उत्सुक, त्यांच्यावर मिरीही जास्त. फोमाचे कागद यात बदनाम आहेत. डेव्हलपर थकत आला, ट्रे फार वेळ उघडा राहिला, तापमान चढलं, की ती वाढते.

उपाय दोन. एक, ट्रेमधला डेव्हलपर वेळेवर बदलणं किंवा त्यात ताजा घालणं. पहिला प्रिंट आठ मिनिटांत आला आणि चौथा सोळा मिनिटांत, तर तो थकला आहे असं समजा. दोन, सोडियम सल्फाइटचं दहा टक्के द्रावण लिटरला ५ मिली घालून पट्टी काढणं, मिरी उरली तर आणखी ५ मिली. इथे हात आखडता ठेवा. सल्फाइट जास्त झालं की मिरीबरोबर लिथही जातं आणि साधा, तपकिरीसर प्रिंट उरतो.

थकलेला डेव्हलपर पूर्ण ओतून देऊ नये, हे मात्र खरं. वापरून तपकिरी झालेलं द्रावण बाटलीत भरून ठेवतात आणि पुढच्या वेळी ताज्यात चौथा-पाचवा हिस्सा मिसळतात. त्यात साठलेलं ब्रोमाइड आणि ऑक्सिडाइज झालेली द्रव्यं यांमुळे पहिल्या प्रिंटपासूनच रंग येतो. नाही तर पूर्ण ताज्या डेव्हलपरमधला पहिला प्रिंट रंगाने फिका निघतो. त्यावरून कागद नालायक ठरवू नका, दुसरा-तिसरा काढून बघा.

मिरी शेवटपर्यंत राहिलीच तर कागदाच्या पृष्ठभागाचा प्रश्न येतो. पांढरा ठिपका ब्रश आणि रंगाने भरता येतो, काळा भरता येत नाही. तो नव्या ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडावा लागतो. मॅट कागदावर हे लपतं, चकचकीत कागदावर प्रकाश पडला की खरवडलेली जागा चमकून उठते. मॅटचा तोटा असा की वाळल्यावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल दिसत नाही.

कागदाची मूळ छटाही बघून घ्या. कोरा तुकडा फिक्स करून, धुऊन, वाळवून उजेडात धरा. दुधी पांढरा आहे की पिवळसर? पिवळसर कागदावर लिथचे बदामी रंग आणखी उबदार दिसतात, पण धुकं, पाणी, ढग मळकट वाटतात. त्यांना पांढराच हवा.

फिक्सरबद्दल एक सावधगिरी. उजळ भागांतली चांदी इतकी बारीक असते की तीव्र रॅपिड फिक्सरमध्ये प्रिंट जास्त वेळ राहिला तर ती विरघळू लागते आणि मेहनतीने आणलेला रंग ट्रेमध्येच जातो. फिक्सर ताजा ठेवा, उत्पादकाने सांगितलेल्या वेळेत प्रिंट काढा, ट्रेमध्ये विसरून चहाला जाऊ नका. सेलेनियम टोनर या प्रिंटचा रंग बदलणाऱ्या द्रावणामध्येही लिथ प्रिंट साध्या प्रिंटपेक्षा फार लवकर बदलतो. सावल्या आधी थंड, जांभळट काळ्या होतात, मग मधले रंग लालसर. १+२० प्रमाणाने (एक भाग टोनर, वीस भाग पाणी) सुरू करा आणि डोळ्यांसमोर ठेवा.

खरेदी आणि साठवण

नवीन कागद पहिल्यांदा घेताना मोठा डबा घेऊ नका. पाच बाय सात किंवा आठ बाय दहाचा २५ तावांचा डबा पुरे. एक ताव कापून पाच-सहा चाचणी पट्ट्या होतात. डब्यावरचा बॅच क्रमांक प्रत्येक चाचणी पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा, सोबत डेव्हलपरचं प्रमाण, तापमान, एक्स्पोजर, पहिली आकृती दिसल्याची वेळ आणि उचलल्याची वेळ. उत्पादक नाव तेच ठेवून इमल्शन बदलतात आणि लिथसारख्या आडवाटेच्या वापराला त्याचा पहिला फटका बसतो. एकाच बॅचचा कागद मनाजोगता निघाला तर मालिका पूर्ण होईल एवढा एकदम घ्यावा. पुढच्या डब्यात तोच रंग येईल अशी खात्री कुणी देत नाही.

आपल्या हवेत कागद उन्हाळ्यात सर्वांत जास्त बिघडतो. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी तीन-चार तास बाहेर काढून, पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात थंड डबा थेट उघडला तर कागदावर दव धरतं आणि ताव एकमेकांना चिकटतात.

हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. पुष्कळशा लिथ डेव्हलपरमध्ये फॉर्मल्डिहाइडचं संयुग असतं आणि अल्कलीचा भाग तीव्र असतो. गरम ट्रेवर वाकून वीस मिनिटं वाफ हुंगणं बरं नव्हे.

बाद झालेल्या कागदाची सोय

सोड्याच्या चाचणीत काळे पडलेले आणि थेट लिथ न होणारे कागद दुसऱ्या फेरीत वापरता येतात. आधी साध्या डेव्हलपरमध्ये नेहमीचा प्रिंट करायचा, थोडा गडद आणि मऊ. तो नीट फिक्स करून पूर्ण धुवायचा. या पहिल्या फेरीत कागदातला डेव्हलपर वापरला आणि धुतला जातो, म्हणूनच पुढचं शक्य होतं. मग पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १० ग्रॅम एक लिटर पाण्यात घेऊन त्यात प्रिंट ब्लीच करायचा. काळी चांदी पुन्हा सिल्व्हर ब्रोमाइड होते, चित्र फिकट पिवळट सावलीइतकं उरतं. पिवळेपणा जाईपर्यंत धुवायचं, आणि खूप पातळ लिथ डेव्हलपरमध्ये पुन्हा डेव्हलप करायचं. ए आणि बी १०-१० मिली, पाणी घालून एक लिटर, इथून सुरुवात करावी. हे सगळं खोलीच्या मंद उजेडात होतं, त्यामुळे रंग कधी थांबवायचा ते डोळ्यांनी ठरवता येतं. लाल दिव्यातल्या अंदाजाची गरजच नाही.

दोन ठिकाणी हे काम बिघडतं. पहिल्या धुण्यात हायपो, म्हणजे फिक्सरचा अंश, उरला तर फेरिसायनाइडशी मिळून तो चांदी विरघळवतो आणि उजळ भाग कायमचे जातात. ते कुठल्याही डेव्हलपरने परत येत नाहीत. आणि दुसऱ्या डेव्हलपिंगनंतर प्रिंट पुन्हा फिक्स केला नाही, तर अर्धवट राहिलेलं सिल्व्हर ब्रोमाइड उजेडात काही आठवड्यांत काळवंडत जातं.